घोडी का अडली?

पत्र

"माझी लेक १३ वर्षांची. दीड वर्षापासून पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये शनिवार-रविवार जाते. तिला बहुतेक वेळा बिजली नावाची वयस्क घोडी मिळते आणि घरी शाळेपेक्षा बिजलीच्याच गोष्टी जास्त होतात. गेल्या महिन्यात पावसामुळे क्लास आठ-नऊ दिवस बंद होता. उघडल्यावर पहिल्याच दिवशी बिजली रिंगणात अडली. दोन पावलं टाकायची, थांबायची. सर ओरडले, 'चाबूक लाव, चांगला लाव, नाटक करतेय ती.' लेकीने मारलं नाही. सर पुन्हा ओरडले तेव्हा ती लगाम सोडून खाली उतरली आणि रडत कुंपणापाशी माझ्याकडे आली. सर सगळ्या मुलांसमोर म्हणाले, 'एवढी दया येत असेल तर गोशाळेत नाव घाला.' तेव्हापासून ती रायडिंगला जात नाही, पण बिजलीला भेटायला घेऊन चल म्हणून मागे लागते. घेऊन गेले तर तिथेही गोंधळ. तिला चांगले मार्क पडले म्हणून मी बिजलीला चार पेढे भरवले, तर तिथले चाचा माझ्यावरच चिडले. माझी मुलगी या खेळासाठी फार हळवी आहे का? घोडा मारल्याशिवाय चालतच नाही का? सरांशी बोलू की क्लासच बदलू? आणि पेढ्यात एवढं काय होतं?"

उत्तर

ताई,

तुमचं आणि लेकीचं नाव काढून टाकलंय, घोडीचं तेवढं ठेवलंय. तिची हरकत नसावी.

आधी सरळ उत्तर. लेक हळवी आहे का? असेल, आणि त्याने तिच्या रायडिंगचं काही बिघडत नाही. तिचं चुकलं का? हो, चुकलं. पण सरांना वाटतं तिथे नाही. ती मारायला नाही म्हणाली ते बरोबर होतं. चूक झाली ती लगाम सोडून निघून आली ही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात त्या गोष्टीला जेमतेम अर्धं वाक्य मिळालंय आणि मी मात्र ते तीनदा वाचलं.

पण सुरुवात बिजलीपासून करू. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेलं कोडं आहे: भाकरी का करपली, घोडा का अडला, विड्याची पानं का सडली? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. तुमचं पत्र वाचताना मला तेच आठवलं. आठ-नऊ दिवस क्लास बंद. त्या दिवसांत बिजली कुठे होती? रोज कुणी तिला हाताने धरून तासभर फिरवत होतं, की चार भिंतींत उभी होती? आणि उभी असताना तिची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, कमी केली होती, की कामाच्या दिवसांइतकीच चालू होती?

हे विचारण्याचं कारण आहे. पूर्वी विलायतेत गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे, पण दाणा मात्र पूर्ण मिळे. सोमवारी सकाळी जुंपलं की त्यातला एखादा थोडं चालून लाकडासारखा ताठ उभा राही. घामाने निथळे, मागचे पाय उचलत नसे. त्या आजाराला नावच सोमवार सकाळचा आजार पडलं होतं. पाठीच्या आणि मांडीच्या स्नायूंचं आतल्या आत नुकसान होतं, आणि ते जास्त असेल तर लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा घोड्याला पुढे हाकलणं म्हणजे मोडलेल्या पायावर त्याला पळवण्यासारखं आहे. त्याला जागच्या जागी उभं करायचं, अंग झाकायचं आणि डॉक्टरला बोलवायचं.

बिजलीला तेच झालं होतं असं मी म्हणत नाही. पत्रावरून निदान करू लागले तर माझी पदवी काढून घ्यावी. तिच्या खुरात खडा अडकलेला असू शकतो. नाल सैल झालेली असू शकते. पावसाळ्यात ओल्या, शेणाच्या जमिनीवर उभं राहून खुराच्या तळव्यातला मऊ भाग कुजतो, त्याला वास सुटतो, आणि खडीवर पाय टेकला की कळ येते. आठ दिवसांत खोगिराखालची गादी भिजून आकसली असेल. तोंडातही काही असू शकतं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि दाढांच्या कडा सुरीसारख्या होतात. वर्षातून एकदा त्या कानशीने घासाव्या लागतात. नाहीतर लगाम ओढला की गाल आतून कापतो. मी नोकरीच्या उमेदीच्या वर्षांत असे पुष्कळ 'नाटकी' घोडे पाहिले, ज्यांचं नाटक कानशीने अर्ध्या तासात संपलं.

आणि हो, ती नुसती कंटाळलेली, आळसावलेलीही असू शकते. घोडे देव नव्हेत. क्लासमधल्या घोड्यावर दर तासाला नवं माणूस बसतं; कुणी तोल सांभाळायला लगामाला लटकतं, कुणी टाचा मारत राहतं. काही घोडे मग शहाणे होतात आणि नवशिका ओळखून जागच्या जागी खांब होतात. सरांना तसं वाटलं असेल तर ते मूर्खपणाचं नाही. फक्त ते ठरवण्याआधी कुणीतरी खाली वाकून चार पाय उचलून पाहायला हवे होते. दोन मिनिटांचं काम आहे. माझा सरांवर एवढाच आक्षेप आहे, पण तो लहान नाही.

हा आक्षेप मी स्वतःवरही घेतलेला आहे. बाविसाव्या वर्षी, शिकत असतानाच, एका घोडीला मी काठीने मारलं होतं. ती उतारावर पाऊल टाकेना, मागे चार-पाच जण खोळंबले होते आणि मला लाज वाटत होती. तिच्या नालेत आणि खुरात तिरका खडा रुतलेला निघाला, जांभळाच्या बीएवढा. त्या मारण्यात माझी लाज होती, घोडीचा दोष कणभरही नव्हता. तेव्हापासून रिंगणात कुणी चाबूक उचलला की मी घोड्याआधी त्या माणसाचा चेहरा पाहते.

चाबकाबद्दल तुम्ही थेट विचारलंय म्हणून थेट सांगते. रायडिंगची काठी मुळात मारण्यासाठी नसते. पायाने दिलेली सूचना घोड्याला कळली नाही तर पायाच्या लगेच मागे काठीने एकदा स्पर्श करायचा, म्हणजे तो म्हणतो, अच्छा, हे म्हणताय होय. माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते; त्याला कळण्यासाठी वळ उठावा लागत नाही. डोक्यावर कधीच नाही, रागात कधीच नाही, आणि काय दुखतंय हे पाहिल्याशिवाय तर नाहीच.

घोडा शिकतो कसा, हे लेकीला नीट समजावून द्या, कारण यातच सगळी गोम आहे. दाब दिल्याने घोडा शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. पायाने पोटाला हलकं दाबलं, त्याने पाऊल पुढे टाकलं, की त्याच क्षणी पाय सैल. त्याला कळतं की पाऊल टाकणं हेच उत्तर होतं. पाऊल टाकल्यावरही टाचा मारत राहिलं तर त्याच्या लेखी उत्तरच उरत नाही, मग तो विचारणंच बंद करतो. अशा घोड्याला लोक 'मठ्ठ' म्हणतात. घोडा मठ्ठ नसतो, मठ्ठ केलेला असतो. पण ताई, याची दुसरी बाजूही आहे. घोडी थांबली आणि त्याच क्षणी स्वार उतरून गेला, तर तीही सूट झाली. दुखत असेल तर ठीकच. पण दुखत नसेल, तर बिजली त्या दिवशी शिकली की थांबलं की पोरगी उतरते. पुढच्या मुलाला ते जड जाणार. चाबूक न वापरणं ही दया झाली खरी, पण घोड्याला आपलं म्हणणं स्पष्ट न सांगणं ही काही दया नव्हे.

आता ते अर्धं वाक्य. 'लगाम सोडून खाली उतरली.'

रिंगणात त्या वेळी आणखी घोडे असतील. खोगीर चढवलेली, लगाम मोकळा लोंबणारी घोडी मध्येच उभी. तिने मान खाली घालून लगामावर पाय दिला असता तर तोंडाला असा हिसका बसला असता की जीभ कापली असती. घाबरून उधळली असती तर बाकीची घोडी तिच्यामागे उधळली असती, कारण ते कळपातलं जनावर. एक पळाला की का ते न विचारता सगळे पळतात. आणि वर लहान मुलं. काही झालं नाही, कारण बिजली जुनी, समजूतदार बाई आहे. लेकीला हे रागावून नव्हे, पण स्वच्छ सांगा. तबेल्यात शंभर रीतभाती आहेत, त्यातली पहिली ही: आपण पडलो, रडलो, भांडलो, काहीही झालं तरी आपला घोडा दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय सोडायचा नाही. जिच्यासाठी ती रडली, तिलाच तिने धोक्यात उभं केलं होतं.

मग तिने करायचं काय होतं? जागेवर बसूनच हात वर करून मोठ्याने म्हणायचं: "सर, घोडीला काहीतरी होतंय. मी मध्ये येऊन उतरतेय." मग कडेची वाट सोडून रिंगणाच्या मधोमध यायचं, कारण कडेने बाकीचे चालत असतात आणि वाटेत थांबणं म्हणजे एक्सप्रेस-वेवर गाडी उभी करणं. उतरायचं, दोन्ही रिकिबी, म्हणजे पाय अडकवायच्या कड्या, वर सरकवायच्या म्हणजे त्या पोटावर आपटत नाहीत, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एक भोक सैल करायचा, लगाम मानेवरून पुढे घेऊन हातात धरायचा. मग तिला हाताने दहा पावलं चालवून पाहायचं. चालताना डोकं खाली-वर होतंय का? घाम फुटलाय का? एवढं करून मग सरांना म्हणायचं, "मी मारणार नाही, आधी पाय बघू या." हे १३ वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर जमणं कठीण आहे, मला ठाऊक आहे. म्हणूनच ते घरी बोलून, चार वेळा म्हणून घ्यायचं असतं.

मोठ्यांनाही हे जमत नाही. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ सालच्या ऑगस्टमध्ये, मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या एकत्र प्रकारात काय झालं ते तिला दाखवण्यासारखं आहे. त्या खेळात घोडा चिठ्ठी टाकून मिळत असे आणि ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटं. सगळ्यांच्या पुढे असलेल्या जर्मन खेळाडूला सेंट बॉय नावाचा घोडा मिळाला. तो उडी घेईना. ती खोगिरावर बसून रडत होती, चाबूक चालवत होती आणि कुंपणापलीकडून तिची प्रशिक्षक ओरडत होती, मार, नीट मार. शेवटी प्रशिक्षकानेच घोड्याला ठोसा लगावला आणि त्या प्रशिक्षकालाच स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं. त्या गदारोळानंतर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपुरती घोडेस्वारी राहिली आणि पुढे त्या खेळातून ती वगळायचंच ठरलं. तुमच्या लेकीच्या प्रसंगात आणि त्यात फरक एवढाच, की तुमच्या लेकीने ऐकलं नाही.

घोडा बोलत नाही, असं आपण म्हणतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी खोगीर चढवलेल्या घोड्याची २४ लक्षणं नोंदवली आहेत: कान मागे पाडणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, तोंड उघडं ठेवणं, शेपूट सारखी फटकारणं, पुन्हापुन्हा अडखळणं, नको तिथे थांबणं. त्यातली ८ किंवा जास्त दिसली तर बहुतेक वेळा कुठेतरी दुखत असतं. लेकीला एक वही द्या. कुंपणाबाहेर बसून तासभर एकच घोडा बघायचा आणि लिहायचं. चाबकाच्या पन्नास तासांपेक्षा यातून जास्त येतं.

तबेल्यातल्या इतर रीतींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पेढ्यांचा विषय काढलात म्हणजे मला मोकळं रान मिळालं.

घोड्याला उलटी करता येत नाही. हे एक वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा. माणूस चुकीचं खाऊन ओकतो आणि मोकळा होतो; घोड्याच्या पोटात गेलं ते पुढेच जाणार. एवढ्या मोठ्या धुडाचं जठर जेमतेम १०-१५ लिटरचं, आणि ते बनलंय दिवसभर थोडंथोडं गवत चघळण्यासाठी. त्यात मैदा, खवा, शिळ्या पोळ्या, पाव गेले की पोट फुगतं, आतडी अडकतात. पोटशूळ हे घोड्याच्या मरणाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. रात्री अकराला निरोप येतो की घोडा लोळतोय, पोटाकडे वळून बघतोय, आणि पहाटेपर्यंत आम्ही सगळे त्याच्याभोवती. चार पेढ्यांनी बिजली मेली नसती. पण त्या दिवशी आणखी पाच पालकांनी लाड केले नव्हते हे कुणी सांगावं? चाचा चिडले ते याच हिशेबाने. सकाळचा दाणा त्यांनीच मोजून दिलेला असतो. खाऊ द्यायचाच असेल तर आधी त्यांना विचारायचं, आणि गाजर द्यायचं, उभे लांब काप करून. गोल चकत्या घशात अडकतात. तळहात सपाट, अंगठा मिटलेला. बोटांनी धरून देऊ नका, नाकाखालचं घोड्याला दिसत नाही, तो ओठांनी चाचपतो आणि तुमचं बोटही त्याला गाजरच वाटतं.

दिसण्यावरून आठवलं. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, ३५० अंशांपर्यंत. फक्त थेट शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं नाही. म्हणून मागून जायचं नाही, आणि समोरून जाऊन कपाळावर थोपटायचंही नाही. डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जायचं. आपल्याकडे मानेवर धपाधप थापा मारून शाबासकी देतात. घोड्याला त्यात काही गंमत नसते. मान जिथे पाठीला मिळते तो उंचवटा बोटांनी खाजवा. घोडी एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि त्याने त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. बिजलीचा खालचा ओठ लोंबला की समजा, जमलं.

रिंगणातल्या रीती लेकीला येत असतीलच: आत शिरण्याआधी हाक द्यायची, समोरून येणाऱ्याला डावा खांदा डाव्या खांद्याला असं जाऊ द्यायचं, पुढच्या घोड्यापासून एका घोड्याएवढं अंतर, शेपटीला लाल फीत असेल तर तो लाथा मारतो. तुमच्यासाठी मात्र वेगळी यादी आहे, कारण मी पालकच जास्त बिचकवणारे पाहिलेत. कुंपणापाशी छत्री फटकन उघडायची नाही. मुलाला कुंपणावरून हाका मारायच्या नाहीत. फोटोसाठी फ्लॅश नाही. प्लॅस्टिकची पिशवी खुळखुळवायची नाही. आणि वडील मंडळींपैकी कुणी गवताच्या गंजीपाशी सिगारेट ओढत असेल तर त्यांना शिवाजी महाराजांचं पत्र आठवून द्या. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं, १६७० च्या दशकातलं. पावसाळ्याआधी दाणा-वैरण उधळून टाकाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, अशा अर्थाचं त्यात आहे. रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल, हेही आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या धामधुमीत राजाला उंदराची वात सुचते, तर आपल्याला सिगारेट विझवायला काय होतं!

चाचांबद्दल थोडं अधिक. मुलं सरांना 'सर' म्हणतात आणि चाचांसारख्या मोतद्दाराला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याला, नावानेसुद्धा हाक मारत नाहीत, नुसतं 'घोडा तयार आहे का' विचारतात. घोडं आयतं येतं, तासानंतर लगाम हातात देऊन मूल गाडीत बसतं. आपली घोड्याशी पहिली ओळख माथेरान किंवा महाबळेश्वरला भाड्याने होते, ती सवय इथेही चालू राहते. बिजलीची नाडी, बिजलीची लीद, बिजली कुठल्या कुशीवर झोपते हे चाचांना माहीत आहे. लेकीला तासाच्या अर्धा तास आधी नेऊन सोडा. त्यांना विचारून खरारा करू दे, म्हणजे ब्रशने घोडीचं अंग घासू दे, खूर साफ करायला शिकू दे. आणि तास संपल्यावर घोडी चालवून, श्वास शांत होईपर्यंत थंड करू दे. दमलेल्या घोडीला पाणी पाजू नये असं तिथे कुणी सांगेल, जुनी समजूत आहे. थोडं थोडं पाणी द्यायला हरकत नसते. पण त्यावरून चाचांशी वाद घालायला तिला पाठवू नका, डॉक्टरांना बोलू दे.

आता सर. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका. क्लास बंद असेल त्या वेळी दोघी जा. लेक आधी माफी मागेल, लगाम सोडल्याबद्दल, आणि फक्त त्याबद्दल. मग ती बाहेर जाऊन बिजलीपाशी थांबेल आणि तुम्ही बोलाल. गोशाळेचं वाक्य तुम्हाला आवडलं नाही हे साध्या शब्दांत सांगा. मुलगी घोड्याचं दुखणं पाहून थांबली तर ते सगळ्यांसमोर हसण्यावारी नेऊ नये, एवढं पुरे. त्यानंतर विचारा: त्या दिवशी घोडीला काय झालं होतं, मग डॉक्टरला दाखवलं का? नाल ठोकणारा नालबंद शेवटचा कधी आला होता (सहा ते आठ आठवड्यांच्या आत यायला हवा)? दात कधी तपासले? बिजली दिवसाला किती तास काम करते? पावसात बंद असताना बाहेर फिरते का? जड मोठी माणसंही तिच्यावर बसतात का? स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावं, म्हणजे ४०० किलोच्या घोडीवर सगळं मिळून ८०.

उत्तरं काय येतात त्याहून ती कशी येतात ते बघा. चांगला शिक्षक थोडा चिडेल, पण वही काढेल, चाचांना हाक मारेल. मी ओळखते त्यातले बरेचसे असेच आहेत. आठ मुलं, आठ घोडी आणि पावसाचं वेळापत्रक सांभाळताना तोंडातून वाकडं जातं. तसं असेल तर राहा. "तुम्हाला घोड्यातलं काय कळतं" असं उत्तर आलं तर क्लास बदला. आणि एक गोष्ट दिसली तर विचारायलाही थांबू नका: तोंडातल्या कडीला, ज्याला जुन्या मराठीत कडियाळं म्हणतात, काटे किंवा टोकं असतील तर. काटेरी कडी वापरायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. जनावराला मारहाण हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. हो, बरोबर वाचलंत. तुमच्या पेढ्यांना त्याहून जास्त पडले असतील.

लेकीला लगेच स्वारीवर बसवू नका. पहिले दोन शनिवार नुसतं खरारा, खूर, हाताने फिरवणं. ती स्वतः म्हणेल तेव्हा खोगीर. बसताना जमिनीवरून लोंबकळत नव्हे, ठोकळ्यावरून चढायचं. घोडीच्या पाठीला तेवढाच आराम.

तुम्हीही जा. पत्रभर कुंपणाच्या बाहेरच उभ्या आहात, मला वाटतं थोडी भीती आहे. चाचांना म्हणा, पेढ्यांबद्दल चुकलं, आता खूर कसा उचलतात ते दाखवा. बिजलीचा मागचा डावा आणि उजवा, दोन्ही खूर वाकून हुंगा. कुजका वास आला तर मला कळवा. आणि छत्री गेटपाशीच मिटा.